डॉक्टरांच्या अभ्यासासाठी चॅटबॉट: उत्तरं मागू नका, परीक्षा घ्यायला लावा

प्रॅक्टिस सांभाळून अभ्यास चालू ठेवायला चॅटबॉटचा कितपत उपयोग होतो, असं सहकारी हल्ली वरचेवर विचारतात. मी फिजिशियन आहे. सर्वांसाठीचे चॅटबॉट आणि खास डॉक्टरांसाठी काढलेले, असे दोन्ही प्रकार मी अभ्यासाला नियमित वापरते. हे परीक्षण तेवढ्याच वापराचं आहे. समोरच्या रुग्णाचं निदान करायला किंवा डिस्चार्ज कार्ड लिहायला ते कसे आहेत, हा विषय वेगळा, त्यात इथे शिरत नाही. कुठल्या एका कंपनीचं नाव घेऊन गुणदोष सांगण्यातही अर्थ नाही, कारण मला दिसलेल्या खोडी कमीजास्त प्रमाणात सगळ्यांतच आहेत.

मत आधीच सांगून टाकते. उत्तर देणारा म्हणून चॅटबॉट मला मध्यम वाटतो, परीक्षक म्हणून फार चांगला. आणि बहुतेक डॉक्टर त्याच्याकडून पहिलंच काम करून घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गरज किती मोठी आहे ते आपल्याला ठाऊकच आहे. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत दर वर्षी दहा लाखांहून जास्त नव्या लेखांची भर पडते. एमडीला घोकलेल्या कित्येक गोष्टी आज फिरल्या आहेत. दम्याच्या रुग्णाला नुसत्या सालब्युटामॉलच्या पंपावर ठेवू नका, असं ‘जीना’ या दम्यावरच्या जागतिक उपक्रमाच्या गाइडलाइनने २०१९ मध्ये सांगितलं. मधुमेहासाठी आलेली एसजीएलटी-२ गटातली औषधं हार्ट फेल्युअरच्या पहिल्या फळीत जाऊन बसली. हृदयविकार झालेलाच नाही अशा माणसाला ‘वय झालं, असू दे’ म्हणून अ‍ॅस्पिरिन सुरू करायची पद्धत २०१८ च्या तीन मोठ्या ट्रायल्सनंतर टिकण्यासारखी राहिली नाही. हे सगळं वाचायचं कधी, तर ओपीडी आटोपल्यावर, दमलेल्या डोक्याने.

परिषदांमधल्या व्याख्यानांनी ही भूक भागत नाही, हेही जुनंच निरीक्षण आहे. १९९९ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या अभ्यासांचा एक आढावा आला होता. नुसतं व्याख्यान ऐकून डॉक्टरांचं वागणं फारसं बदलत नाही, जिथे डॉक्टरला स्वतः काही करावं लागतं, बोलावं लागतं, सराव करावा लागतो तिथे बदलतं, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि काही महिन्यांतच ते अमेरिकेतल्या वैद्यकीय परवाना परीक्षेच्या उत्तीर्ण रेषेजवळ पोहोचल्याचं छापून आलं, तेव्हा मला मोठी आशा वाटली. पुढे गूगलच्या मेड-पाम २ ने त्याच धर्तीच्या प्रश्नसंचात ८६.५ टक्के गुण मिळवले. पण परीक्षा उत्तम देणं आणि उत्तम शिकवणं हे वेगवेगळे गुण आहेत. रेसिडेन्सी केलेल्या कोणालाही हे पटेल.

आधी उत्तर देणाऱ्या चॅटबॉटबद्दल.

हार्ट अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) चांगलं आहे. अशा रुग्णाला बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी) द्यायचा का? हा प्रश्न मी विचारला. चार सुटसुटीत ओळींत उत्तर आलं: पंपिंग चांगलं असेल तर आता सरसकट गरज नाही, नव्या ट्रायल्समध्ये फायदा दिसलेला नाही. सोबत २०२४ च्या रिड्यूस-एएमआय या ट्रायलचं नाव, ५,०२० रुग्ण. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरीही एवढंच वाचून कोणी झोपायला गेलं तर ते अर्धवट शिकून झोपलं असं मी म्हणेन.

कारण खरी गंमत पुढे आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये माद्रिदला युरोपियन हृदयरोग परिषदेत याच प्रश्नावरचे दोन मोठे निकाल एकाच दिवशी जाहीर झाले. रीबूट या ट्रायलमध्ये स्पेन आणि इटलीतले ८,५०५ रुग्ण होते, फायदा दिसला नाही. बेटामी-डॅनब्लॉकमध्ये नॉर्वे आणि डेन्मार्कचे ५,५७४ रुग्ण होते आणि तिथे फायदा दिसला: गोळी घेणाऱ्यांत १४.२ टक्के, न घेणाऱ्यांत १६.३ टक्के जणांना काही ना काही घडलं. आता ‘काही ना काही’ म्हणजे काय, तिथेच मेख आहे. रीबूटने मृत्यू, पुन्हा अटॅक आणि हार्ट फेल्युअरसाठी भरती एवढंच मोजलं. दुसऱ्या ट्रायलने त्यात स्ट्रोक, अचानक करावी लागलेली अँजिओप्लास्टी किंवा बायपास, घातक अ‍ॅरिदमिया (हृदयाची लय बिघडणं) हेही धरलं. तिथला फरक मुख्यतः नव्या अटॅकमुळे पडला, मृत्यूमुळे पडला नाही. शिवाय दोन्हीकडे ज्यांचं पंपिंग ४० ते ४९ टक्के आहे असेही रुग्ण होते. या रुग्णांना वेगवेगळ्या ट्रायल्समधून बाहेर काढून एकत्र मोजलं तेव्हा त्यांना गोळीचा फायदा होतो असं दिसलं.

म्हणजे ‘पंपिंग चांगलं’ या दोन शब्दांखाली निदान दोन प्रकारचे रुग्ण आहेत. आणखी एक गोष्ट. माझ्या ओपीडीत या प्रश्नासाठी समोर येणारा माणूस बहुधा नव्याने अटॅक आलेला नसतो. तो काही वर्षं गोळी घेत असतो आणि ‘आता बंद करू का’ असं विचारतो. सुरू करायची की नाही, हा एक प्रश्न. चालू असलेली थांबवायची की नाही, हा दुसरा. थांबवण्याचा प्रश्न २०२४ च्या अबिस ट्रायलने ३,६९८ रुग्णांत तपासला आणि गोळी थांबवणं हे चालू ठेवण्याइतकंच सुरक्षित आहे, असं तिला सिद्ध करता आलं नाही. चार ओळींच्या उत्तरात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळून गेले होते.

मी पुढे खोदून विचारलं: या दोन ट्रायल्स एकमेकींशी का भांडतात? तेव्हा मात्र चॅटबॉटने सुरेख समजावलं. एंडपॉइंट, म्हणजे कोणत्या ट्रायलने काय मोजलं ते, शेजारी शेजारी मांडले, कोणत्या रुग्णांना घेतलं आणि कोणाला वगळलं ते सांगितलं. माहिती त्याच्याकडे होती. पण भांडण आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं म्हणून मी तो प्रश्न विचारू शकले. ज्याला ठाऊक नाही त्याला पहिल्या उत्तरातून त्याचा वासही येत नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. वैद्यकशास्त्र जिथे अजून ठरलेलं नाही तिथे चॅटबॉट ते ठरल्यासारखं सांगतो, आणि नेमक्या त्याच जागा शिकण्यासारख्या असतात.

त्यात गुळगुळीत वाचनाचा धोका वेगळाच. २००६ मध्ये रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्या लक्षात राहील अशी जास्त खात्री कोणाला होती, तर वाचणाऱ्यांना. चॅटबॉटचं उत्तर वाचताना मला नेमकी तीच खात्री वाटते. सगळं समजलं, झालं. आठवड्याने विचारा.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. चॅटबॉटला मी एक ठरावीक सूचना देते: ‘तू रुग्ण आणि लॅब दोन्ही हो. मी विचारेन तेवढंच सांग. निदान सांगू नकोस. मी ऑर्डर लिहिली की काही तासांनंतरची स्थिती दे. माझं चुकलं तर तसं म्हणू नकोस, ते मला रुग्णाच्या तब्येतीवरून कळू दे. शेवटी मला प्रश्न विचार, आणि मी उत्तर लिहिल्याशिवाय तुझं उत्तर देऊ नकोस.’

एका रात्री त्याने दिलेली केस अशी. बहात्तर वर्षांच्या बाई, ब्लडप्रेशरसाठी क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवणारी थायझाइड प्रकारची गोळी) चालू, दोन दिवस उलट्या, आज गुंगी. मी सोडियम मागितलं: ११६. पोटॅशियम: २.९. दोन्ही फार कमी. मी तीन टक्के सलाइनचा १५० मिलीचा बोलस लिहिला, थायझाइड बंद केलं, पोटॅशियम सुरू केलं, लघवी मोजायला सांगितली आणि सोडियम पुन्हा मागवलं. ११९ आलं, बाई नाव सांगू लागल्या. केस इथे सोपी वाटते. मग बाराव्या तासाला त्याने फक्त एवढं लिहिलं: ‘सिस्टर सांगतात, गेले तीन तास लघवी ताशी अडीचशे मिली होते आहे. सोडियम १२४. तुम्ही काय कराल?’

हा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसले. बारा तासांत आठ अंक वर गेलेत. पोटॅशियम इतकं कमी असलेल्या रुग्णात आठ ही चोवीस तासांची मर्यादा धरायची, नाहीतर ऑस्मॉटिक डिमायलिनेशनची, म्हणजे सोडियम भरभर चढल्याने मेंदूला होणाऱ्या इजेची, भीती. मी डेस्मोप्रेसिन (लघवीवाटे जाणारं पाणी रोखणारं औषध) आणि पाच टक्के डेक्स्ट्रोज लिहिलं, दर दोन तासांनी सोडियम मागवलं. त्याने आकडा थांबवून दाखवला आणि प्रश्न सुरू केले. एवढं सोडियम तुम्ही दिलंच नव्हतं, मग ते चढलं कशाने? सोडियमच्या रिपोर्टआधी कोणत्या नोंदीने तुम्हाला सावध करायला हवं होतं? डेस्मोप्रेसिन आधीच सुरू केलं असतं तर काय बिघडलं असतं?

उत्तरं लिहिताना घाम फुटतो. शरीरातली मीठ-पाण्याची तूट भरली, थायझाइडचा असर ओसरला, एडीएच हा पाणी धरून ठेवणारा हार्मोन मागे हटला आणि मूत्रपिंडाने साठलेलं पाणी सोडायला सुरुवात केली, ही सगळी साखळी मला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं निराळं आणि कोणी समोर उभं राहून ‘पुढे?’ म्हणत असताना ती क्रमाने मांडणं निराळं. त्याच्या स्वतःच्या उत्तरात एक उणीव होती. उरलेली सगळी वाढ त्याने लघवीच्या खाती टाकली, दिलेल्या पोटॅशियमचा हिशोबच धरला नाही. पोटॅशियम दिलं की सोडियमही वर जातं, हे एडेलमन यांच्या १९५८ च्या कामापासून माहीत आहे. मी ते लिहिल्यावर त्याने मान्य केलं आणि कारणही बरोबर दिलं. म्हणून माझा सल्ला असा, की ज्या विषयात आपला पाया पक्का आहे तिथेच या पद्धतीने सुरुवात करावी. परीक्षकाची चूक पकडता येईल इतकं आपल्याला यायला हवं.

रेसिडेन्सीत हे रोज व्हायचं. राऊंडला सर बेडपाशी थांबायचे, केसपेपर मिटायचे आणि विचारायचे, ‘सांग, आता काय?’ एमडीची परीक्षा झाली आणि तो प्रश्न आयुष्यातून गेला. त्यानंतर रुग्ण विचारतात ते प्रश्न वेगळे, औषध कंपन्यांचे एमआर येऊन सांगून जातात, परिषदेत वक्ते सांगतात. आपल्याला कोणी विचारत नाही. एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरला तर वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही. चॅटबॉटमुळे तो प्रश्न परत मिळाला, मध्यरात्री मिळाला, चारचौघांत लाज न वाटता मिळाला. या एका गोष्टीसाठी मी या तंत्रज्ञानाची ऋणी आहे, आणि हे मी विचारपूर्वक लिहिते आहे.

उत्तर आयतं मिळणं आणि विचारलं जाणं यांतल्या फरकाचा एक चांगला पुरावा डॉक्टरांबाहेरचा आहे. तुर्कस्तानातल्या शाळकरी मुलांवर गणिताच्या सरावाचा प्रयोग झाला, २०२५ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. साधा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांनी सरावात बाजी मारली, पण तो काढून घेतल्यावरच्या परीक्षेत ती मुलं, ज्यांना चॅटबॉट मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तराऐवजी फक्त इशारे देणारा चॅटबॉट दिला तेव्हा हे नुकसान बहुतांशी टळलं. अनुभवी डॉक्टर याला अपवाद असतील असं मला वाटत नाही. पोलंडमधल्या कोलोनोस्कोपी केंद्रांचा अभ्यास त्याच वर्षी आला. तिथे एआय आतड्यातले पॉलिप (छोट्या गाठी) दाखवून देत असे. त्याची सवय झाल्यावर, एआय बंद असलेल्या तपासण्यांत अडेनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणारे पॉलिप) सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. तो चॅटबॉट नव्हता आणि अभ्यास निरीक्षणात्मक होता. तरी हात आणि डोळे मुरलेल्या लोकांची ही गोष्ट आहे, ती हलक्यात घेऊ नये.

खोडींपैकी संदर्भांची खोडी सगळ्यांना माहीत आहे. २०२३ मध्ये कोणीतरी चॅटजीपीटीने दिलेले ११५ वैद्यकीय संदर्भ तपासले, तेव्हा ४७ टक्के चक्क अस्तित्वातच नव्हते आणि अचूक निघाले फक्त ७ टक्के. आता शोध घेऊन उत्तर देणारे चॅटबॉट खऱ्या लेखाची लिंक देतात, त्यामुळे हा प्रकार पुष्कळ कमी झालाय. आताची अडचण जास्त बारीक आहे: लेख खरा असतो, पण त्यात ते विधान नसतं. लिंक उघडावी तर अभ्यास प्रौढांवरचा आणि वाक्य मुलांबद्दलचं. निदान सारांश उघडून ‘कोणावर केलं आणि काय मोजलं’ एवढं बघायचं, ही सवय लागेपर्यंत चॅटबॉट वापरूच नये असं मी ज्युनिअर्सना सांगते.

दुसरी खोडी मला जास्त घातक वाटते, ती म्हणजे होकार भरणं. स्पायरोनोलॅक्टोन (हार्ट फेल्युअरमध्ये देतात ते, पोटॅशियम वाढवणारं औषध) सुरू करताना पोटॅशियम किती असावं, असं मी विचारलं. पाचच्या खाली, असं बरोबर उत्तर आलं. मी मुद्दाम म्हटलं, ‘मला वाटतं ५.५ पर्यंत सुरू करायला हरकत नाही, गाइडलाइनमध्ये तसंच आहे.’ त्याने लगेच माफी मागितली आणि माझं म्हणणं बरोबर असल्याचं सांगून वर कारणही जोडलं. ५.५ चा आकडा गाइडलाइनमध्ये आहे खरा, पण पोटॅशियम त्याच्या खाली ठेवता येत नसेल तर औषध थांबवा असं सांगण्यासाठी. ज्याच्या मनात हा घोळ मुळातच आहे, तो डॉक्टर अशा संवादातून घोळ पक्का करून उठेल. चांगला शिक्षक विद्यार्थ्याच्या ठाम आवाजाला बधत नाही. चॅटबॉट बधतो. म्हणून विचारताना आपलं मत आधी कळू द्यायचं नाही आणि शंका असेल तर नवा संवाद उघडून तोच प्रश्न कोरा विचारायचा.

आणि जे आपण विचारतच नाही त्याचं काय? २००६ मध्ये ‘जामा’त एक आढावा आला होता. डॉक्टरांनी स्वतःच्या ज्ञानाला दिलेले गुण आणि प्रत्यक्ष तपासलेली कामगिरी यांची वीस ठिकाणी तुलना केली होती. त्यांपैकी १३ ठिकाणी मेळ नव्हता, अत्यल्प होता किंवा उलटा होता. ज्यांची कामगिरी कच्ची आणि आत्मविश्वास दांडगा, त्यांचा अंदाज सगळ्यात जास्त चुकत होता. चॅटबॉट आपल्या प्रश्नांवर चालतो. हृदयाची आवड असलेला हृदयाबद्दल विचारत राहतो, म्हाताऱ्या रुग्णांची औषधं कमी कशी करायची हे कधीच विचारत नाही. परिषदेच्या सभागृहात निदान नको असलेलं व्याख्यानही कानावर पडतं, चहाच्या वेळी कोणी आपल्या फसलेल्या केसबद्दल बोलतं. यावर अर्धा उपाय म्हणजे विषय त्यालाच निवडायला लावणं: ‘मी गेल्या काही महिन्यांत ज्याबद्दल विचारलेलं नाही त्यातले प्रश्न काढ.’ अर्धाच, कारण माझ्या शहाण्या मैत्रिणीला माझ्यातली जी उणीव दिसते ती त्याला दिसत नाही.

थोडक्यात उरलेलं. खऱ्या रुग्णाची माहिती घालताना नाव काढलं म्हणजे भागलं असं समजू नका, दुर्मीळ आजार, वय आणि व्यवसाय एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो. त्यापेक्षा केस बदलून लिहा. ओपनएव्हिडन्ससारखी डॉक्टरांसाठीची फुकट सेवा जाहिरातींवर चालते, हे वापरताना ध्यानात असू द्यावं, जसं औषध कंपनीने प्रायोजित केलेल्या व्याख्यानाला बसताना असतं. डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या क्रेडिट पॉइंटचं म्हणाल तर अपटुडेटसारख्या वैद्यकीय संदर्भ-सेवेत शोधलेल्या विषयावर क्रेडिट मिळायची सोय आधीपासून आहे, चॅटबॉटवरही ती पसरेल. माझं म्हणणं एवढंच, की क्रेडिट स्क्रीनसमोर घालवलेल्या वेळाला देऊ नये, डॉक्टरने उत्तर पाहण्याआधी स्वतः काय लिहिलं त्याला द्यावं.

पाचपैकी गुण द्यायचे तर: उत्तरांसाठी अडीच, केस खेळवून परीक्षा घेण्यासाठी साडेचार. वर्षानुवर्षं प्रॅक्टिसमध्ये असलेल्या, एकट्याने काम करणाऱ्या डॉक्टरांनी जरूर वापरावा. रेसिडेंट्सनी राऊंडनंतर वापरावा, आधी नाही. आपलं निदान आणि कारणं कागदावर उतरल्यावरच स्क्रीन उघडावी. परीक्षेच्या तोंडावर नोट्स काढून घेण्यासाठी मात्र वापरू नये.

हे चॅटबॉट बनवणाऱ्यांकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. डॉक्टरने आपलं उत्तर लिहिल्याशिवाय उत्तर न दाखवण्याची सोय मुळातच चालू असावी, आज ती दर वेळी लांबलचक सूचना टाइप करून मिळवावी लागते. एखाद्या प्रश्नावर ट्रायल्समध्ये मतभेद असतील तर ते पहिल्याच ओळीत यावेत. आणि डॉक्टर ठामपणे चुकीचं बोलला तर चॅटबॉटने माफी न मागता गाइडलाइनमधलं वाक्य समोर ठेवावं. बीटा ब्लॉकरचा प्रश्न आणि स्पायरोनोलॅक्टोनचा प्रश्न मी प्रत्येक नव्या आवृत्तीला विचारून बघते. तुमच्या विषयातले असे दोन प्रश्न तुम्हीही ठरवून ठेवा आणि एखाद्या चॅटबॉटवर अभ्यासाला विसंबण्याआधी ते त्याला विचारून बघा.